अत्तर समजण्यासाठी नाकाला शिकवता येते का?

हरिपूर_रस्ता (सांगली), २ मे

नमस्कार. मागच्या महिन्यात भाचीच्या सासरच्या मंडळींनी मला मानपानात एक लहानशी लाकडी पेटी दिली. तिच्यात अत्तराच्या पाच कुप्या आहेत: गुलाब, खस, केवडा, हीना आणि मिट्टी. वरच्या चिठ्ठ्या झाकून ठेवल्या, तर यांतला फक्त गुलाब मला ओळखता येतो. बाकी चारांबद्दल ‘छान वास आहे’ यापलीकडे एक वाक्यही मला बोलता येत नाही, आणि दहा मिनिटांनी पुन्हा हुंगले तर मघाशी कोणता कोणता होता हेही आठवत नाही. आयुष्यभर मी हिशेबाच्या वह्या तपासल्या. एका रुपयाचा फरक असला तरी तो माझ्या डोळ्याला खुपतो. नाकाच्या बाबतीत मात्र मी निरक्षर आहे, असे या पेटीने दाखवून दिले.

प्रश्न असा की, वास ओळखण्याची ही क्षमता जन्मजात असते की सरावाने येते? माझे वय ५८ आहे. या वयात सुरुवात करायची झाली, तर नव्या बाटल्यांवर पैसे न घालवता ती कशी करावी?

कुंभारगल्ली (कराड), २ मे

आमच्या घरात नाकाने कांदे सोलणाऱ्यांची संख्या पुरेशी आहे. त्यांच्यापैकी एखाद्याला आपल्याकडे शिकवणीसाठी पाठवू का?

मिरज_उरूस (मिरज), २ मे

आमच्या घरी तीन पिढ्या अत्तराचा किरकोळ धंदा आहे, म्हणून थोडे लिहितो. काका, आपली पहिली चूक ही की आपण पाचही कुप्या एका बैठकीत हुंगल्या. दुकानात येणारे गिऱ्हाईकही हेच करते आणि चौथ्या कुपीला म्हणते, ‘सगळे सारखेच आहे.’ एका दिवशी दोनच कुप्या घ्या. कुपीच्या तोंडाशी नाक नेऊ नका. तिथे फक्त भपकारा मिळतो. कापसाच्या फायावर किंवा जाड कोऱ्या कागदाच्या पट्टीवर अगदी थोडे अत्तर लावा, हवेत क्षणभर फिरवा आणि वीतभर अंतरावरून हळू श्वास घ्या. तोच फाया अर्ध्या तासाने हुंगा आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. हे तीन वेगवेगळे वास असतात. हलके घटक लवकर उडतात, जड घटक मागे राहतात, आणि मागे काय राहिले यावरून अत्तराची जात कळते.

कनौजच्या जुन्या पद्धतीत तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी घालून खाली मंद आच देतात. वाफ बांबूच्या चोंग्यातून भपक्यात, म्हणजे ती गोळा होणाऱ्या भांड्यात, उतरते आणि भपक्यात आधीच असलेल्या चंदनाच्या तेलात तो वास मुरतो. त्यामुळे चांगल्या अत्तरात फुलाच्या मागून चंदन डोकावते. स्वस्त मालात चंदनतेलाऐवजी लिक्विड पॅराफीन किंवा तत्सम काही असते. त्याला स्वतःचा वास नसल्यामुळे फूल उडाले की खाली काही उरत नाही.

प्रयोगशाळा_दुसरा_मजला (सातारा), ३ मे

मी रसायनशास्त्र शिकवते. मूळ प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडून द्यावे लागेल. माणसाच्या नाकात वासाचे रेणू पकडणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली त्यांची जनुके शोधली आणि २००४ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळाले. एका ग्राहकाचा एकच वास असे हे गणित नाही. एक रेणू अनेक ग्राहकांना कमीअधिक प्रमाणात चाळवतो आणि मेंदू त्या सगळ्याचा मिळून एक ठसा वाचतो. ग्राहकांची घडण प्रत्येकात थोडी वेगळी असते, हा जन्मजात भाग झाला. ठसा वाचणे आणि लक्षात ठेवणे मात्र शिकता येते. मुरलेल्या गंधकाराला आपल्यापेक्षा फार क्षीण वास येतात असे नसते; आलेला वास त्याला मांडणीतल्या पुस्तकासारखा चटकन काढता येतो.

शिकवणीचा सर्वांत परिचित प्रयोग मात्र रुग्णांवर झाला. जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथे थॉमस हमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली वासाची संवेदना गमावलेल्या लोकांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, असे बारा आठवडे हुंगायला दिले. न हुंगणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात सुधारणा दिसली.

साधा_माणूस (इस्लामपूर), ३ मे

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. माझी आई रोज संध्याकाळी मोगऱ्याचा गजरा माळत असे आणि तिला त्याचा आनंद मिळत असे. त्यातला वरचा वास कोणता, मधला कोणता, खालचा कोणता, हे तिला कोणी शिकवले नव्हते. हे सारे महागड्या बाटल्या खपवण्यासाठी काढलेले थोतांड आहे असे मला वाटते. आनंद घ्यायला अभ्यास कशाला लागतो?

मिरज_उरूस (मिरज), ३ मे

साहेब, आमच्या गावात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहिले आणि आमच्या गल्लीत आजही तंबोरे बनतात. गाणे ऐकून डोलायला काही शिकावे लागत नाही, हे मान्य. परंतु तंबोऱ्याची जवारी (तारेचा घुमारा) लागली की नाही हे कारागिराला ऐकू येते आणि मला येत नाही. त्याला माझ्यापेक्षा कमी आनंद होतो असे मला कधी दिसले नाही.

साधा_माणूस (इस्लामपूर), ३ मे

दाखला चांगला आहे, पण तो आपल्यावरच उलटतो. गाणे शिकणाऱ्याला समोर बसून सा लावून देणारा गुरू असतो. वासाचा सा कोणता आणि तो कोण लावून देणार?

पेव_आणि_पोते (सांगली), ४ मे

वरचा प्रश्न टोमणा म्हणून विचारला असला, तरी तो या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. मी त्याचे उत्तर माझ्या परीने देतो. आमची हळदीची अडत होती. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवत, तेव्हा मी वडिलांबरोबर जात असे. पेव उघडल्याबरोबर आत कोणी उतरत नसे. आतली कोंडलेली हवा जिवावर बेतते, म्हणून तोंड मोकळे करून थांबावे लागे. त्या थांबण्याच्या वेळात वडील काठावर बसून येणाऱ्या वासाबद्दल बोलत. ‘हा कोरडा आहे, बघ. याच्यात मिरीची झाक आहे. तिकडून जरा कुबट येते, तिथे ओल धरली असेल.’ २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरले आणि ते दिवस गेले, परंतु ती पद्धत माझ्याजवळ राहिली. वडिलांनी मला हुंगायला शिकवले नाही. हुंगल्यावर बोलायला शिकवले.

आता एक निरीक्षण मांडतो, कोणाला पटते का पाहा. मराठीत वाईट वासांसाठी नेमके शब्द भरपूर आहेत. कुबट, खवट, आंबूस, करपट, वशट, कोंदट, ओशट, जळकट हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. शेंगदाणा खवट होतो, पावसाळ्यातली गोधडी कुबट होते. उलट म्हणून दाखवा. चांगल्या वासांसाठी मात्र आपल्याकडे सुवास, सुगंध, परिमळ, दरवळ, घमघमाट एवढेच आहे आणि हे शब्द वास किती आहे व कुठवर पसरला आहे एवढेच सांगतात. तो कसा आहे हे ते सांगत नाहीत. हरिपूर_रस्ता यांना ‘छान’ याच्या पुढे शब्द सुचला नाही, यात त्यांच्या नाकाचा दोष कमी आणि शब्दांच्या तुटवड्याचा जास्त आहे.

ओवी_आणि_ओवा (वाई), ४ मे

खमंग आणि खरपूस विसरलात! भाजलेल्या रव्याचा वास खमंग आणि तव्यावरच्या भाकरीचा खरपूस, यांत किती आहे ते नाही, कसा आहे तेच सांगितले आहे.

पेव_आणि_पोते (सांगली), ४ मे

ओवीताई, मान्य आहे. पण दोन्ही शब्द चुलीवरचे आहेत. फुलाला खमंग म्हणून पाहा. फुलाबद्दल बोलायचे झाले की आपल्याला वस्तूचाच आधार घ्यावा लागतो: मोगऱ्यासारखा, कापरासारखा, ओल्या मातीसारखा. तेव्हा साधा_माणूस यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, ज्या वस्तूचा वास आपल्या पक्क्या ओळखीचा आहे ती वस्तू म्हणजे आपला सा. असे वीस-पंचवीस वास नावासकट पाठ झाले, की कुठलाही नवा वास त्यांच्याशी ताडून पाहता येतो. आणि हे सगळे सा स्वयंपाकघरात फुकट मिळतात.

ओवी_आणि_ओवा (वाई), ४ मे

मग मी एक खेळ सुचवते. चिमटीत नाक घट्ट दाबून एक वेलदोडा चावा. जिभेला थोडा तिखटपणा आणि गारवा जाणवतो, वेलची मात्र सापडत नाही. आता नाक सोडा. वेलची एकदम घशाच्या मागून वर येते. ज्याला आपण चव म्हणतो तिच्यातला बराच भाग वासाचा असतो, हे मला चाळिशीत कळले. बडीशेप, जिरे आणि ओवा यांच्यावरही करून पाहा.

रात्रपाळी (कराड), ५ मे

मी परिचारिका आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये मला कोविड झाला आणि एका सकाळी फोडणीचा वास आला नाही. सुरुवातीला मी हसून सोडून दिले. पण पुढे तीन महिने मला माझ्या मुलाच्या केसांचा वास आला नाही, तेव्हा हसू गेले. प्रयोगशाळाताईंनी लिहिलेले चार वास मीही रोज सकाळ-संध्याकाळ हुंगत होते. गुलाबपाणी फिके पडले म्हणून गुलाबाचे अत्तर आणले. लिंबाची ताजी साल, निलगिरी तेल आणि कुटलेली लवंग घरात होतीच. प्रत्येक वास वीसेक सेकंद, आणि हुंगताना तो पूर्वी कसा होता हे आठवण्याचा प्रयत्न करायचा. पहिली लवंग परतली. मध्ये काही आठवडे सगळे उलटेपालटे होते. लसणाची फोडणी मला जळलेल्या रबरासारखी येत असे. सातव्या महिन्यात गुलाब आला. सरावाने आला की काळाने आला, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

ज्यांचा वास अचानक गेला आहे त्यांनी मात्र केवळ घरगुती सरावावर न राहता कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे, आणि तोवर घरातल्या गॅसकडे दुसऱ्या कोणाला तरी लक्ष ठेवायला सांगावे. सिलिंडरच्या गॅसला मूळचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्केप्टन मिसळलेले असते, पण नाकच बंद असेल तर त्याचा उपयोग नाही.

साधा_माणूस (इस्लामपूर), ५ मे

ताई, आपला प्रतिसाद वाचून मी ‘थोतांड’ हा शब्द मागे घेतो. बाटल्या महाग असतात हे माझे म्हणणे मात्र कायम आहे.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा), ७ मे

पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात दोन वासांच्या मध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देतात. त्याने नाक कोरे होते म्हणे. हे खरे आहे का?

प्रयोगशाळा_दुसरा_मजला (सातारा), ७ मे

तपासून पाहिले गेले तेव्हा कॉफीचा साध्या हवेपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. कॉफी हा स्वतःच एक जोरदार वास आहे. दुकानाबाहेर येऊन पाच मिनिटे उभे राहा किंवा स्वतःच्या सदऱ्याच्या बाहीत श्वास घ्या. एकाच वासाला नाक काही मिनिटांत सरावते. आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही, तो याच कारणाने.

जाता जाता मोगऱ्याबद्दल एक गंमत सांगते, कारण वर गजऱ्याचा विषय निघाला होता. जाई आणि मोगरा यांच्या वासात इंडोल नावाचा रेणू असतो. तो एकटा आणि दाट असला, तर डांबरगोळीची आठवण करून देतो. रात्रभर उशाशी राहिलेला गजरा सकाळी हुंगा. गोडपणाच्या खाली ती डांबरगोळी सापडेल. एकदा सापडली की मग प्रत्येक मोगऱ्यात सापडते आणि मोगरा त्यामुळे बिघडत नाही. निव्वळ गोड वासापेक्षा तो मला अधिक जिवंत वाटू लागला.

माणदेशी (दहिवडी), १० मे

काकांच्या पेटीत मिट्टी अत्तर आहे हे वाचून राहवले नाही. आमच्या माण तालुक्यात पावसाचा वास आधी येतो आणि पाऊस पुष्कळदा येतच नाही. कुठेतरी दहा कोसांवर वळीव पडतो, वारा इकडचा असला की अंगणात बसलेली माणसे एकदम बोलायची थांबतात. या वासाला मराठीत मृद्गंध हा सुंदर शब्द आहे, पण बोलताना तो कोणी वापरत नाही; आम्ही ‘पावसाचा वास सुटला’ म्हणतो. ‘सुटला’ या क्रियापदाला पर्याय नाही. हा वास कुपीत कसा भरतात?

मिरज_उरूस (मिरज), १० मे

कनौजमध्ये भाजलेल्या मातीचे तुकडे डेगेत घालून फुलांसारखेच त्यांचे ऊर्ध्वपातन करतात आणि तो वास चंदनतेलात उतरवतात. त्यात फूल नसते.

प्रयोगशाळा_दुसरा_मजला (सातारा), १० मे

इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली या वासाला पेट्रिकोर असे नाव दिले. कोरड्या काळात माती आणि दगडांवर साचलेली तेले आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेले जिओस्मिन यांचा तो मेळ आहे. जिओस्मिनच्या बाबतीत माणसाचे नाक थक्क करणारे आहे. ते अब्जावधी भागांत एखाद्या भागाइतके विरळ असले तरी आपल्याला कळते. बीटच्या मातकट वासातही तेच असते. तेव्हा ‘माझे नाक मंद आहे’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या पावसाच्या दिवशी आपले म्हणणे तपासून घ्यावे.

गुऱ्हाळ_बंद_आहे (कराड), १२ मे

आमच्याकडे गुऱ्हाळ होते तेव्हाची गोष्ट. गुळव्या काहिलीपासून चार हात लांब बसलेला असे आणि पाठमोरा असतानाही ‘जाळ कमी करा’ म्हणून ओरडत असे. पाण्यात गोळी करून पाहणे हे नंतर. रस करपटाकडे झुकण्याच्या आधीची एक अवस्था त्याला वासाने कळे. मी त्याला विचारले, तर म्हणाला, ‘आधी काकवी बोलते, मग गूळ बोलतो, मग राख.’ अत्तराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या वासांची कल्पना मला त्या एका वाक्यावरून समजली.

प्रयोगशाळा_दुसरा_मजला (सातारा), १२ मे

हे वाक्य मी वर्गात वापरणार आहे. साखर तापली की माल्टोल तयार होते. त्याचा कृत्रिम आणि अधिक तीव्र भाऊ इथाइल माल्टोल हा १९९२ साली फ्रान्समध्ये आलेल्या ‘एंजल’ या परफ्यूमचा कणा आहे. त्याच्यानंतर खाऊसारख्या गोड परफ्यूमांची लाटच आली. मॉलमध्ये तरुण मुलींच्या घोळक्यातून येणारा तो साखर जळल्यासारखा वास आपण सगळे गुऱ्हाळापासून ओळखतो.

कुंभारगल्ली (कराड), १२ मे

म्हणजे इतके दिवस आम्ही फुकट परफ्यूम मारून शाळेत जात होतो.

जुनी_पोथी (सातारा), १५ मे

ही विद्या परदेशातून आली असा सूर कुठेकुठे दिसला, म्हणून लिहितो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात सोळा द्रव्यांतून चार-चार द्रव्ये निवडली तर १८२० मिश्रणे होतात असा हिशेब दिला आहे. धागाकर्ते हिशेबनीस असल्यामुळे त्यांनी तो पडताळून पाहावा. तो बरोबर आहे.

निशिगंध_४१४ (सांगली), १६ मे

आमच्या घरात वेगळीच अडचण आहे. एक परफ्यूम यांना अजिबात येत नाही आणि मला त्याने डोके धरते. ते म्हणतात, बाटलीत पाणी आहे. दोघांचीही नाके एरवी ठीक आहेत.

प्रयोगशाळा_दुसरा_मजला (सातारा), १६ मे

दोघेही खरे बोलत आहात. काही कस्तुरीसदृश कृत्रिम रेणू अनेकांना मुळीच येत नाहीत. व्हायोलेट फुलांतला बीटा-आयोनोन तर एका ग्राहकाच्या जनुकातल्या फरकामुळे एकाला फुलासारखा येतो आणि दुसऱ्याला आंबूस येतो किंवा येतच नाही. पहिल्या दिवशी जन्मजात भाग म्हणून लिहिले होते ते हेच. आपल्याला आवडते म्हणून यजमानांना परफ्यूम भेट देण्याआधी एवढे लक्षात ठेवावे.

हरिपूर_रस्ता (सांगली), १४ जून

सहा आठवड्यांनी परत येत आहे. सर्वांचे आभार, हिशेब देतो.

१८२० हा आकडा पडताळला, बरोबर आहे. सरावासाठी मी सौभाग्यवतींकडून औषधाच्या बारा रिकाम्या डब्या मागून घेतल्या आणि त्यांत लवंग, जायफळ, वेलदोडा, धने, संत्र्याची वाळलेली साल, हळकुंड, कापूर, चहाची पूड, ओवा, मेथी, सुंठ आणि वाळ्याची काडी घातली. रोज संध्याकाळी मी डोळे मिटून बसतो, त्या डब्या पुढे करतात आणि मी नाव सांगतो. पहिल्या दिवशी बारापैकी चार बरोबर आले, आणि सुंठेला मी साबण म्हणालो. आता नऊ-दहा येतात. पेव_आणि_पोते यांच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक वासापुढे एक शब्द वहीत लिहितो. धन्यांपुढे ‘संत्र्याकडे झुकलेले’ असे लिहिल्यावर दोन दिवसांनी लक्षात आले की सालीची डबी आणि धन्यांची डबी मी सारखी उलटसुलट का सांगत होतो.

मग पेटी पुन्हा उघडली. खस हुंगल्याबरोबर मला आजोळच्या माठातले पाणी आठवले. माठात वाळ्याची जुडी टाकलेली असे. म्हणजे हा वास मला पन्नास वर्षे येत होता. खस म्हणजे वाळा, एवढेच मला माहीत नव्हते. केवडा गौरींच्या आरासीच्या आठवणीत सापडला. मिट्टी ७ जूनला पाऊस आला त्या संध्याकाळी खिडकीत बसून ताडून पाहिले; कुपीतला वास अधिक गोड आहे आणि तो गोडपणा चंदनाचा असावा. बरोबर ना?

हीना मात्र अजून लागत नाही. उबदार आहे, किंचित धुरकट आहे, जुन्या कपाटासारखा आहे. मेंदीशी त्याचे काही नाते दिसत नाही.

मिरज_उरूस (मिरज), १४ जून

चंदन अगदी बरोबर, काका. हीना न लागण्यात आपली चूक नाही. मेंदीच्या फुलांचे अत्तर वेगळे असते, त्याला गुलहीना म्हणतात. आपल्याकडचे हीना हे पुष्कळ मसाले आणि मुळ्या एकत्र करून काढलेले मिश्र अत्तर आहे. एकच वस्तू शोधू नका, घोळका शोधा. सौ. काकूंकडून थोडे दगडफूल मागून घ्या, तव्यावर किंचित गरम करा आणि मग फाया हुंगा.

प्रयोगशाळा_दुसरा_मजला (सातारा), १४ जून

दगडफूल हे फूल नसून शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनलेला जीव, आहे. युरोपातही ओकच्या झाडावर वाढणारे असेच शैवाक परफ्यूमात खालच्या थराला वापरत आले आहेत. आपले ‘जुने कपाट’ बहुधा तेच असेल.

हरिपूर_रस्ता (सांगली), १५ जून

दगडफूल गरम केले. जुने कपाट तेच. त्याच्या मागून लवंग आली, मग जायफळ आले, आणि डोळे मिटून बसलो असताना मी मोठ्याने म्हणालो, ‘अगो, हा तर आपला कांदा-लसूण मसाला भाजायच्या आधीचा वास आहे, कांदा आणि लसूण सोडून.’

सौभाग्यवतींनी कुपी हुंगली, मान्य केले आणि विचारले की मग ही मसाल्याच्या डब्यात ठेवू का.